दातातल्या किड्यापासून रूट कॅनालपर्यंत : एका बदनाम उपचाराचा इतिहास

मुळशी तालुक्यात भातलावणी सुरू झाली की आमच्या दवाखान्यातली गर्दी ओसरते. दात दुखत नसतात असं नाही, पण लावणी सोडून दाताच्या डॉक्टरकडे कोण येणार? लावणी उरकली की मग दोन-तीन आठवडे अंगावर काढलेली सगळी दुखणी एकदम येतात. अशीच एका वर्षी ताम्हिणीच्या बाजूची एक मावशी आली. डावा गाल सुजलेला, पदर गालावर धरलेला, तोंडात लवंग. बरोबर मुलगा होता. खुर्चीत बसायच्या आधीच तिनं निकाल सांगून टाकला, "डॉक्टर, दाढ काढूनच टाका. ते रूट कॅनाल-बिनाल नको."

मी कारण विचारलं. कारणं तीन निघाली. शेजारणीनं सांगितलं होतं की त्यात जीव जाईस्तोवर दुखतं. नणंदेनं सांगितलं होतं की दाताची नस डोळ्याला जोडलेली असते, तिला हात लावला की नजर जाते. आणि मुलानं मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता, त्यात एक परदेशी गृहस्थ सांगत होते की रूट कॅनाल केलेला दात म्हणजे तोंडात ठेवलेलं मढं, त्यानं हृदयविकार आणि कर्करोग होतो.

या तीन भीतींपैकी एकीलाही मी हसलो नाही. कारण दातांच्या उपचाराचा इतिहास वाचला की कळतं, या भीती हवेतून आलेल्या नाहीत. प्रत्येकीच्या मागे एक काळ आहे, एक चूक आहे, आणि ती चूक सुधारणारी माणसंही आहेत. त्या दिवशी मावशीला पाच मिनिटांत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. तुमच्यासाठी आज जरा सविस्तर लिहितो.

किडा नावाचा संशयित

आपण आजही म्हणतो, "दाताला कीड लागली." हा शब्द हजारो वर्षं जुन्या समजुतीचा उरलेला तुकडा आहे. बॅबिलोनच्या मातीच्या विटेवर कोरलेला एक मजकूर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात किडा देवाकडे राहायला जागा मागतो आणि दात व हिरडी यांच्यामध्ये घर करतो, अशी कथा आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत दातांच्या रोगांमध्ये 'कृमिदंतक' सांगितला आहे : दात काळा पडतो, त्याला छिद्र पडतं, तो हलतो, सूज येते आणि खूप दुखतं. लक्षणांचं वर्णन इतकं नेमकं आहे की आजही परीक्षेत पूर्ण गुण मिळतील. फक्त कारण म्हणून कृमी सांगितला आहे.

या समजुतीवर उपचारही आले. युरोपात खुरासनी ओव्याचं बी निखाऱ्यावर टाकून त्याचा धूर तोंडात घेत. आपल्याकडे त्याच कामाला भुईरिंगणीचं बी वापरत. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांनी ही धुरी घेतलेली असते आणि किडे पडताना आपल्या डोळ्यांनी पाहिल्याचंही ते सांगतात. ते खोटं बोलत नाहीत. खुरासनी ओव्याचं बी तापलं की फुटतं आणि त्यातला पांढरट अंकुर बाहेर पडतो. तो अळीसारखाच दिसतो. दाताखाली धरलेल्या भांड्यात 'किडे' पडले ते असे, बियांतून.

फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी १७२८ साली दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही आपल्याला किडा दिसला नाही, असं त्यांनी नोंदवलं. गंमत अशी की त्याच्याही आधी, १६८३ साली, हॉलंडच्या लेव्हनहूक यांनी स्वतःच्या दातावरचा पांढरा साका भिंगाखाली ठेवून त्यात वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव पाहिले होते. पण दात किडण्याशी त्यांचा संबंध जोडायला आणखी दोनशे वर्षं लागली. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या डब्ल्यू. डी. मिलर या अमेरिकन दंतवैद्यानं १८९० साली मांडलं की तोंडातले जंतू अन्नातल्या साखर-पिष्टाचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. म्हणजे किडा होता, पण डोळ्यांना न दिसणारा. एक नव्हे, असंख्य.

दात दुखतो तो का आणि थांबतो तो का

पुढचं सगळं समजायला दाताच्या आत डोकावलं पाहिजे. वरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल. शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याखाली जरा मऊ, पिवळसर डेंटिन. आणि अगदी मध्ये एक पोकळी, तिच्यात मऊ, जिवंत ऊती, तिला दंतमज्जा म्हणतात. आपण जिला 'नस' म्हणतो ती हीच. पण ती एक नस नसते. तिच्यात रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात, पेशी असतात. ही मज्जा मुळांतल्या बारीक नळ्यांतून खाली उतरते आणि मुळाच्या टोकाला असलेल्या सूक्ष्म छिद्रातून जबड्याच्या रक्तपुरवठ्याला जोडलेली असते. या नळ्या म्हणजेच रूट कॅनाल.

हाताला फोड आला की तो फुगतो, कारण कातडी ताणली जाते. दातातली मज्जा सुजली तर तिला फुगायला जागाच नसते, चारही बाजूंनी भिंत. दाब वाढतो आणि तो ठणका सुरू होतो, जो रात्री आडवं झाल्यावर आणखी वाढतो. काही दिवसांनी मात्र एक फसवी गोष्ट घडते. मज्जा मरते आणि दुखणं थांबतं. पेशंटला वाटतं, लवंगेनं गुण आला. प्रत्यक्षात जंतूंना आता आत कुणी अडवणारं उरलेलं नसतं. ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, तिथे पू होतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गाल सुजतो. मावशीचं नेमकं हेच झालं होतं. "चैत्रात दुखली होती, मग आपोआप राहिली," असं ती म्हणाली, आणि ते 'आपोआप' हीच खरी गडबड होती.

घड्याळाची स्प्रिंग आणि सोमल

दाताच्या आत शिरण्याची कल्पना आधुनिक नाही. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सुमारे २२०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाची कवटी सापडली, तिच्यातल्या एका दाताच्या नळीत काशाची छोटी तार बसवलेली होती. ती उपचार म्हणून बसवली असावी असं संशोधकांचं मत आहे. फोशार स्वतः दाताच्या पोकळीत सुई घालून आतला पू वाट करून बाहेर काढत. कित्येक ठिकाणी तापलेली तार आत घालून मज्जा जाळून टाकत. भूल नावाची गोष्ट नव्हती, हे ध्यानात घ्या.

१८३६ साली अमेरिकेतल्या स्पूनर यांनी दुसरा मार्ग सुचवला : आर्सेनिक, म्हणजे आपल्या जुन्या भाषेतला सोमल. दाताच्या खड्ड्यात कणभर सोमल ठेवायचा, तो मज्जेला मारतो, मग ती काढायची. दुखणं थांबे हे खरं, पण विष ते विषच. ते खड्ड्यातून झिरपलं तर हिरडी आणि हाड कुजे. तरी हा उपचार जगभर शंभर वर्षांहून अधिक टिकला, कारण त्याच्याहून सोसवेल असं काही हाताशी नव्हतं. आज सोमल वापरायचं कुठलंही कारण उरलेलं नाही.

१८३८ साली वॉशिंग्टनच्या एडविन मेनार्ड यांनी घड्याळाची स्प्रिंग घासून पहिलं रूट कॅनालचं खास हत्यार बनवलं. नळी वाकडी असते, म्हणून हत्यार लवचिक हवं, हा त्यामागचा विचार. दीडशे वर्षांनी, १९८८ साली, निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या फाइल्सवरचा पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला. हा मिश्रधातू मुळात अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला होता. वाकवला तरी तो मूळ आकारात परत येतो. तुमच्या दाढेच्या वळणदार नळीत आज जी बारीक सुई फिरते ती या धातूची असते. विचार मात्र मेनार्ड यांच्या घड्याळातलाच आहे.

मुंबईच्या समुद्रातली तार आणि तुमची दाढ

नळी साफ केल्यावर ती रिकामी ठेवून चालत नाही. रिकाम्या घरात उंदीर येतात तसे जंतू परत येतात. पण भरायचं कशानं? सोनं, शिसं, मेण, लाकूड, काय काय भरून पाहिलं गेलं. उत्तर आलं मलाया द्वीपकल्पातून.

तिथल्या एका झाडाच्या चिकापासून गटापर्चा नावाचा पदार्थ होतो. गरम केला की मऊ, थंड झाला की घट्ट, पाण्यात न कुजणारा, शरीराला न खुपणारा. सिंगापूरमधले शल्यवैद्य विल्यम माँटगोमेरी यांनी १८४३ साली त्याचे नमुने बाहेर पाठवले. आधी त्याचं सोनं केलं तारखात्यानं. समुद्राखालून टाकायच्या तारांवर आवरण म्हणून गटापर्चासारखं दुसरं काही नव्हतं. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजानं मुंबई आणि एडनच्या दरम्यान समुद्रतळाशी तार टाकली आणि मुंबईचा निरोप लंडनला काही दिवसांऐवजी काही तासांत पोचू लागला, ती तारही गटापर्चानं मढवलेली होती. या हव्यासापायी मलायातली झाडं प्रचंड संख्येनं तोडली गेली, हेही सांगितलं पाहिजे.

त्याच सुमाराला, १८६७ साली, अमेरिकेतले दंतवैद्य बोमन यांनी हाच पदार्थ दाताच्या नळीत भरला. तारखात्यानं पुढे प्लॅस्टिक घेतलं. दातात मात्र आजही गटापर्चाच भरतात. त्याच्याबरोबर नळीच्या भिंतीला चिकटणारं जे सिमेंट वापरतात, त्यातला एक जुना आणि आजही चालणारा प्रकार लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलपासून बनतो. मावशी तोंडात लवंग धरून आली होती, त्यात काही वेडेपणा नव्हता. लवंग ठणका थोडा वेळ कमी करते. फक्त ती नळीपर्यंत पोचत नाही.

"जीव जाईस्तोवर दुखतं" हे कधी खरं होतं

शेजारणीची भीती एकेकाळी शब्दशः खरी होती. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेन वापरलं, आणि लगेच अमेरिकेत हालस्टेड यांनी तेच खालच्या जबड्याच्या मज्जातंतूजवळ टोचून दात बधिर करून दाखवले. पण कोकेनचं व्यसन लागतं. खुद्द हालस्टेड त्यात अडकले. १९०५ च्या सुमाराला नोव्होकेन आलं. १९४३ साली स्वीडनमध्ये लिडोकेन तयार झालं, आणि आज आम्ही जे इंजेक्शन देतो ते बहुधा हेच किंवा याच्या भावंडांपैकी एक असतं.

म्हणजे भूल देऊन नीट केलेल्या रूट कॅनालमध्ये तुम्हाला स्पर्श आणि दाब कळतो, पण वेदना कळायला नको. एक अपवाद प्रामाणिकपणे सांगतो. दात फार सुजलेला, पू भरलेला असेल तर तिथली भूल कमी लागते, कारण सुजलेल्या जागी आम्लता वाढते आणि औषध नीट काम करत नाही. अशा वेळी आधी पू काढून, सूज उतरवून मग पुढचं काम करावं लागतं. म्हणून 'फार दुखलं तर जाऊ' हा हिशेब उलटा आहे. कमी दुखतं तेव्हा गेलात तर कमी दुखेल.

आणि डोळ्यांचं? दातांना जाणीव देणारा मज्जातंतू वेगळा आणि नजरेचा वेगळा. दोघे मेंदूपर्यंत स्वतंत्र वाटांनी जातात. वरच्या सुळ्याचा पू डोळ्याखाली सूज आणतो, पापणी मिटते, त्यावरून ही समजूत आली असावी. डोळ्याला धोका असलाच तर तो न केलेल्या उपचाराचा असतो.

फोटो काढता येऊ लागला तेव्हा

१८९५ च्या नोव्हेंबरमध्ये रंटगेन यांना क्ष-किरण सापडले, आणि १८९६ च्या जानेवारीत जर्मनीतले दंतवैद्य वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचा फोटो काढला. त्यासाठी ते पंचवीस मिनिटं किरणांखाली निश्चल पडून होते. न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स यांनी १८९९ साली नळीत शिशाची तार घालून फोटो काढला आणि नळीची लांबी मोजली. त्याआधी नळी कुठे संपते हे हाताच्या अंदाजावर ठरत होतं. केल्स यांनी वर्षानुवर्षं स्वतःच्या हातात फिल्म धरून फोटो काढले. त्यांच्या हाताला कर्करोग झाला, एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, बोटं आणि मग हात गेला. १९२८ साली त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

आजच्या डिजिटल यंत्राला सेकंदाचा छोटासा अंश पुरतो. "दोनदा फोटो कशाला? पैसे काढायला?" असं पेशंट विचारतात. एक फोटो दात आणि हाड पाहायला, एक नळीची लांबी ठरवायला, एक भरल्यावर टोकापर्यंत पोचलं की नाही ते पाहायला. उलट रूट कॅनाल करताना एकही फोटो काढला नाही, तर तुम्ही विचारा, का नाही काढला?

मुलाच्या मोबाईलमधला व्हिडिओ मुळात १९१० चा आहे

आता तिसरी, सर्वांत अवघड भीती. १९१० साली इंग्लंडचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी कॅनडातल्या माँट्रियल इथे एक भाषण केलं. तोंडातली घाण झाकून वर सोन्याचे दात बसवणाऱ्या दंतवैद्यांवर त्यांनी कोरडे ओढले. अनेक आजारांचं मूळ तोंडातल्या लपलेल्या जंतूंत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या टीकेत तथ्य होतं, कारण त्या काळी कित्येक ठिकाणी निर्जंतुक हत्यारं नव्हती, फोटो नव्हते, पू तसाच ठेवून वर टोपी बसवली जात असे.

पण टीका पुढे लाटेत बदलली. अमेरिकेतल्या वेस्टन प्राइस यांनी उपचार केलेले दात उपटून सशांच्या कातडीखाली ठेवले. ससे आजारी पडले, मेले. १९२३ साली त्यांनी यावर जाडजूड ग्रंथ काढले. झालं! सांधे दुखतात, काढा दात. डोकं दुखतं, काढा दात. मन थाऱ्यावर नाही, काढा दात. पुढची वीसएक वर्षं चांगले-वाईट असंख्य दात उपटले गेले आणि माणसं तरुणपणी बोळकी झाली. आजार मात्र तसेच राहिले.

मग लोकांनी हिशेब मांडायला सुरुवात केली. प्राइस यांच्या प्रयोगात दात उपटतानाच हिरडीवरचे जंतू त्याला माखत होते, आणि तुलनेसाठी नीट गटही नव्हते. १९३८ साली सेसिल आणि अँजेव्हाइन यांनी संधिवाताचे २०० रुग्ण तपासून सांगितलं की दात आणि टॉन्सिल काढून संधिवात बरा होत नाही. १९४३ साली अमेरिकेत रूट कॅनाल करणाऱ्या तज्ज्ञांची संघटना उभी राहिली. १९६५ साली काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी एक साधा, सुंदर प्रयोग केला. काही उंदीर पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवले, काही नेहमीच्या. दोघांच्या दाढांत मज्जेपर्यंत भोक पाडलं. नेहमीच्या उंदरांची मज्जा सडली, मुळाशी गळू झालं. जंतुविरहित उंदरांच्या मज्जेनं त्या भोकावर नवं कठीण आवरण घातलं आणि ती जिवंत राहिली. दोष दाताचा किंवा उपचाराचा नव्हता, जंतूंचा होता.

त्यावरून आजच्या उपचाराचा गाभा ठरला : जंतू काढा आणि परत येऊ देऊ नका. नळ्या धुवायला जे सोडियम हायपोक्लोराइट वापरतात, ते पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा धुवायला डेकिन यांनी वापरात आणलं होतं. ते तोंडात सांडू नये आणि थुंकी दातात जाऊ नये म्हणून दाताभोवती जो रबराचा पडदा लावतात, तो बार्नम यांनी १८६४ साली शोधला. तोंडाला पडदा लावला की काही पेशंट घाबरतात. घाबरू नका, तो तुमच्याच रक्षणासाठी आहे.

व्हिडिओतले गृहस्थ जे सांगतात ते जवळपास शंभर वर्षांपूर्वीचं, तपासून बाजूला ठेवलेलं मत आहे. नीट केलेल्या रूट कॅनालमुळे कर्करोग किंवा हृदयविकार होतो असा पुरावा नाही. तोंडाच्या जंतूंचा हृदयाशी काहीच संबंध नाही असंही मात्र म्हणू नका. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे किंवा ज्यांना पूर्वी झडपेचा जंतुसंसर्ग झाला आहे, त्यांनी दाताच्या कोणत्याही मोठ्या कामाआधी ते सांगायलाच हवं, कारण त्यांना आधी प्रतिजैविक द्यावं लागतं. मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तेही सांगा.

आपल्याकडे काय झालं

भारतात पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कोलकात्यात सुरू केलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ चं. तोवर आणि त्यानंतरही बराच काळ दात म्हणजे उपटायची गोष्ट. बाजाराच्या दिवशी फरसबंदीवर चिमटे आणि कवळ्या मांडून बसणारे असत, शहरांत पिढीजात काम करणारे चिनी दंतवैद्य असत, गावात न्हावी किंवा वैदू असे. स्वतंत्र भारतात १९४८ साली डेंटिस्ट्स ॲक्ट झाला. त्यात नोंदणीचे दोन भाग केले : 'अ' मध्ये पदवीधर, 'ब' मध्ये पदवी नसलेले पण पाच वर्षं याच धंद्यावर पोट असलेले. कायद्यानं एका फटक्यात सगळ्यांना हाकललं नाही, कारण मग दात कुणी पाहिले असते?

आमच्या मुळशीत आज दोन काळ शेजारी शेजारी नांदतात. हिंजवडीच्या बाजूला काचेच्या दवाखान्यांत सूक्ष्मदर्शकाखाली रूट कॅनाल होतं. त्याच तालुक्यात धरणापलीकडच्या वाडीतली बाई दाढ ठणकली की मशेरी लावते. आधी ठणका विसरायला, मग सवय म्हणून. दाढ जाते ती जातेच, वर तंबाखूनं तोंडाच्या कर्करोगाची भीती पदरात पडते. कर्करोगाचंच भय असेल तर ते रूट कॅनालचं नव्हे, त्या डबीचं धरा.

तुम्ही काय लक्षात ठेवायचं

दात वाचवण्यासारखा आहे का, हे आधी विचारा. मूळ उभं चिरलेलं असेल, दात फार हलत असेल, किंवा हिरडीच्या वर धरायला काहीच उरलं नसेल, तर काढणं हाच प्रामाणिक सल्ला असतो. अक्कलदाढेसाठी सहसा रूट कॅनालचा आटापिटा करत नाहीत.

खालच्या पहिल्या दाढेत बहुधा तीन नळ्या असतात, कधी चार. एक नळी राहिली तर उपचार फसू शकतो. बसायला लागणाऱ्या वेळा एक ते तीन, संसर्ग किती आहे त्यावर. दोन-चार दिवस चावताना दुखणं स्वाभाविक आहे. वाढत गेलं तर मात्र परत या.

दाढेला कॅप बसवायचं टाळू नका. रूट कॅनाल झालेल्या दाढेचा बराच भाग किडीनं आधीच खाल्लेला असतो. कॅपशिवाय ती एखाद्या सुपारीच्या खांडानं उभी फुटते आणि सगळं केलेलं पाण्यात जातं. माझ्याकडे परत येणाऱ्यांत अशांची संख्या मोठी आहे. खर्चाची अडचण असेल तर ती आधीच बोला. दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली हेच काम कमी खर्चात करतात.

नुसत्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही. मेलेल्या मज्जेत रक्त जात नाही, मग औषध कसं पोचणार? सूज तात्पुरती उतरते, जंतू आत तसेच. दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. सुजलेल्या गालाला बाहेरून गरम शेक देऊ नका.

आणि हे एक घरात सगळ्यांना सांगून ठेवा : सूज जबड्याखाली, गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, ताप आला किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८३६ साली या सुजेचं वर्णन केलं, आणि आजही ती जीव घेऊ शकते. तिची सुरुवात बहुतेक वेळा खालच्या जबड्याच्या एका दुर्लक्षित दाढेतून होते.

मावशीची दाढ आम्ही वाचवली. पहिल्या दिवशी फक्त पू काढला आणि ती त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोपली. आणखी दोन खेपांत नळ्या साफ करून भरल्या, दिवाळीआधी कॅप बसली. शेवटचा फोटो मी तिला दाखवला. मुळांत उतरलेल्या तीन पांढऱ्या रेघा होत्या. तिनं तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "मग किडा निघाला का?"

"निघाला," मी म्हणालो. "पण मावशी, मशेरीची डबी आता इथंच ठेवून जा."

तिनं मुलाकडे पाहिलं, कनवटीची डबी काढली आणि टेबलावर ठेवली. पुढच्या सहा महिन्यांच्या तपासणीला ती येईल तेव्हा हिरड्या सांगतीलच, दुसरी डबी घेतली की नाही ते. तुम्हीही वर्षातून दोनदा दात दाखवत जा. किडीचा खड्डा लहान असतानाच भरला, तर रूट कॅनालचा हा सगळा इतिहास तुम्हाला नुसता वाचण्यापुरताच राहील.